भागुजीचा हात

नामदेव आला तेव्हा मी नगरला सावेडीतल्या माझ्या खोलीबाहेर स्टुलावर बसून दाढी करत होतो. सुट्टीचा दिवस होता. त्या शनिवारी मी गावी गेलो नव्हतो. आमच्या कारखान्यातला माणूस सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे येत नाही. कामगारांचा वेळ मोजणाऱ्या माणसाकडे आपणहून कोण येईल? त्यामुळे फाटकाशी त्याची सायकल दिसली तेव्हाच काहीतरी विपरीत घडल्याचं कळलं. तो आत आला नाही. फाटकाच्या गजांना धरून म्हणाला, "भाऊसायब, भागुजी संपला."

माझ्या एका गालावर साबण तसाच होता. नामदेव सांगत राहिला. "काल पाळी सुटल्यावर आमी दोघं संगंच निघालो. विळदच्या घाटात आल्यावर म्हनला, तू व्हय म्होरं, मी जरा बसतो. सायकल धरून कडंला बसला. मी वर जाऊन थांबलो, लई वाट बघितली. मागारी आलो तर तसाच बसल्याला… हँडल सुटलं न्हवतं हातातनं." मग गज सोडून तो म्हणाला, "वरीस झालं, आमी कुनी त्येच्याशी धड बोलत न्हवतो. आन् गेला तो माझ्याच संगतीत." डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. वैशाखातलं ऊन, दिवसभराचं काम, वर तो चढ. गावातल्या विहिरी आटलेल्या असल्यामुळे पहाटे उठून लांबून पाणी आणायचं, ते वेगळंच. कशानं गेला हे कोणी सांगू शकणार नाही. मीही सांगत नाही. मी फक्त मला माहीत आहे ते लिहितो आहे.

भागुजी आणि मी एका गावचे, एका वयाचे. माझे वडील गावच्या शाळेत मास्तर होते. भागुजी चौथीपर्यंत त्यांच्या हाताखाली शिकला आणि मग शेतात गेला. मी नगरला शिकायला गेलो. पण सुट्टीत गावी आलो की त्याच्या मागे मागे हिंडायचो. विहिरीत पोहायला त्यानंच शिकवलं, म्हणजे ढकलून दिलं आणि काठावर बसून हसत राहिला. "माधू, हात मार, हात मार! हिर कुटं पळून चाललीय?" आमच्या गावात तेव्हा इर्जिक घालायची पद्धत होती, अजूनही थोडीफार आहे. कुणाची नांगरट राहिली, कुणाची बाजरी काढायची खोळंबली, घरात दुखणं आलं, की त्यानं गावाला सांगायचं. ज्याच्या त्याच्या घरून माणसं, बैल, विळे निघायचे आणि दिवसभरात ते रान मोकळं व्हायचं. मजुरी नाही. संध्याकाळी त्या घरी सगळ्यांना जेवण, तेवढंच. इर्जिकीला आलेला माणूस हात राखून काम करत नाही. उलट स्वतःच्या रानात राबणार नाही इतका दुसऱ्याच्या रानात राबतो, कारण ज्याच्या त्याच्या वाट्याला पिकाची एक ओळ, म्हणजे पात, आलेली असते आणि सगळं गाव शेजारच्या पातीत असतं. आणि आणखी एक गोष्ट होती. एखादी म्हातारी मागं राहिली, तर तिच्या शेजारचा माणूस आपली पात पुढं नेता नेता तिच्याही पातीतली बाजरीची चार ताटं ओढून घ्यायचा. त्याबद्दल कोणी बोलत नसे. म्हातारीलाही वेळेवर बांधावर पोचल्यासारखं वाटायचं. भागुजी लहानपणापासून यात पटाईत होता. त्याच्या शेजारी कोणीच मागं राहत नसे. मी लहान असताना दोनदा इर्जिकीत विळा धरला, आणि दोन्ही वेळा मला वाटलं, आपल्यालाही जमतं की! माझी पात कोण ओढत होतं हे कळायला बरीच वर्षं गेली.

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने उभे राहू लागले तेव्हा भागुजीनं नोकरी धरली. पाठोपाठ मीही त्याच कारखान्याच्या कचेरीत लागलो. आम्ही विहिरीवरचे पंप बनवतो. भागुजी ड्रिलिंग खात्यात होता. ओतकाम होऊन आलेल्या पंपाच्या कवचाला भोकं पाडायची, हे त्याचं काम. तो गमतीनं म्हणायचा, "हिरीत पानी न्हाई आन् आमी पंपाला भोकं पाडतोय. पानी आलं तर वरच्यावर गळून जाईल बघ." हे तो कारखान्याच्या फाटकाबाहेर बोलायचा. फाटकाच्या आत मी त्याला 'भाऊसायब' होतो आणि तो मला 'तुमी' म्हणायचा. शनिवारी मी आईला भेटायला गावी निघालो, की घाटात सायकली हातात धरून चालताना पुन्हा 'माधू'. ही रीत त्यानंच घातली होती आणि कधी मोडली नाही.

दुष्काळ लागायच्या सुमारास कंपनीनं मला पुण्याला पाठवून टाइम स्टडी शिकवून आणलं. त्याआधी कुणी किती काम करावं याला काही धरबंध नव्हता. सुपरवायझरच्या मर्जीतल्याला हलकं काम, नावडत्याला जड. यावरून रोज कुरबूर चालायची. म्हणून कंपनी आणि युनियन दोघांनी मिळून ठरवलं, की प्रत्येक कामाचा वेळ घड्याळ लावून मोजायचा, त्यावरून दिवसाचा नॉर्म, म्हणजे प्रत्येकानं किती नग करायचे तो आकडा, काढायचा, आणि तो सगळ्यांना सारखा. मला ते मनापासून पटलं होतं. अजूनही, सगळं होऊन गेल्यावर, त्या विचारात खोट कुठं होती ते मला नीट दाखवता येत नाही. कुणाला मोजायचं हेही कामगारांनीच सांगायचं ठरलं. ड्रिलिंग खात्यानं भागुजीचं नाव दिलं. तो लबाडी करणार नाही आणि त्याच्यावर कंपनीही शंका घेणार नाही, असा त्यांचा हिशेब. नामदेवनं त्याला आदल्या दिवशी बजावलंही होतं, "जरा दमानं घे बरं का. सगळ्यांच्या पोटाचा सवाल हाय." भागुजी मान डोलावून "व्हय, व्हय" म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी मी हातात स्टॉपवॉच घेऊन त्याच्या मशीनसमोर उभा राहिलो. सगळं खातं बघत होतं. काचेआड मॅनेजरसाहेब बघत होते. भागुजीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काम सुरू केलं… मी जन्मात तसं काम पाहिलेलं नाही. कवच उचललं कधी, बसवलं कधी, भोक पडलं कधी, काही कळू नये. आणि चेहऱ्यावर घाई नाही, कपाळावर आठी नाही. एकही हालचाल वाया गेली नाही. मला अभिमान वाटत होता. हा माझा गाववाला, माझ्या वडिलांचा विद्यार्थी.

आता जे सांगायचं ते इथं आहे. नुसता वेळ मोजून नॉर्म निघत नाही. माणूस नेहमीच्या वेगानं काम करतो आहे, जोर लावून करतो आहे की रेंगाळतो आहे, हे मोजणाऱ्यानं आपल्या नजरेनं ठरवायचं असतं आणि त्याप्रमाणे वेळ कमीजास्त करायचा असतो. घड्याळ सगळ्यांना दिसतं, ही नजर कुणाला दिसत नाही. भागुजी नेहमीपेक्षा कितीतरी वेगानं करतो आहे, हे मला दिसत होतं. पण तसं लिहिलं तर नॉर्म सैल होणार, आणि उद्या कोणी म्हणणार, जोशीनं आपल्या गाववाल्याला सांभाळून घेतलं. माझं ते पहिलंच काम होतं. पक्षपाताचा डाग नको, म्हणून मी लिहिलं, 'नेहमीचा वेग'. निःपक्षपाती दिसण्यासाठी मी खोटं लिहिलं. नंतर मी हे मॅनेजरसाहेबांना सांगितलं, युनियनच्या लोकांना सांगितलं, भागुजीलाही सांगितलं. सगळ्यांनी माझी समजूत घातली. सांगून काही हलकं झालं नाही. बदललं तर काहीच नाही.

नॉर्म लागला आणि खात्याचं दिवसाचं काम जवळजवळ दीडपट झालं. तरणी माणसं ते कसंबसं पुरं करत. ज्यांची उमर झाली होती ती रडकुंडीला येत. बोलणी भागुजीला बसत. "या, आलं इंजान!" "सायबानं बायको देतो म्हनून सांगितलं व्हतं का रं, यवढा पळालास ते?" डबा खाताना त्याच्या शेजारची जागा मोकळी राहू लागली. तो भाकरी संपवून उठायचा. एका शनिवारी घाटात मी त्याला विचारलं, "नामदेवनं सांगितलं होतं ना तुला? मग का इतका जोर लावलास?" तो चकित होऊन माझ्याकडे बघत राहिला. "आसं काय इचारतोस, माधू? तू पुन्याहून शिकून आलास, तुझं पयलं काम. सगळे डोळं लावून बसल्याले. तुझ्या पयल्या कामाला मी हात राखू?" त्याच्या लेखी ती माझी इर्जिक होती. मी घातलेली, आणि तो आलेला. मी म्हटलं, "मग साहेबाला सांग ना, की त्या दिवशी मी नेहमीसारखं केलं नव्हतं." त्यावर तो एकदम कडक झाला. "म्हंजी काय, खोटं केलं? एकबी भोक वाकडं गेलं का माझं? केलं ते माज्याच हातानं केलं न्हवं?" आणि सायकल ढकलत तो चढ संपेपर्यंत माझ्या पुढं चालत राहिला.

खात्यात सगळ्यात वयस्कर कोंडिबा नाना होता. नागापूरचाच. त्याची जमीन वसाहतीत गेली म्हणून त्याला नोकरी मिळालेली. आमची ड्रिलिंगची शेड आहे तिथं त्याची बाजरी व्हायची, असं तो नव्या माणसाला आवर्जून सांगे. वयानं हात कापायचा, पण काम सरळ. हा माणूस नॉर्म पुरा करणं शक्यच नव्हतं. सलग कमी पडणाऱ्याला काढायचं, असा नियम झाला होता. मी कोंडिबाच्याच जोरावर साहेबांशी भांडायचं ठरवलं होतं. हा एक माणूस तरी पुरावा होईल, की नॉर्म जड आहे. पण महिन्याअखेर बघतो तर कोंडिबाचं काम पुरं! पुढच्या महिन्यातही पुरं. मी साहेबांकडे गेलो तेव्हा त्यांनी शांतपणे ते माझ्यासमोर ठेवलं. "जोशी, तुम्ही म्हणता नॉर्म जड आहे. अहो, कोंडिबासुद्धा पुरा करतो. मग जड आहे तरी कुणाला?" साहेब दुष्ट नव्हते. कामगारांची लग्नपत्रिका आली तर आवर्जून जाणारा माणूस. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी खात्यात जाऊन उभा राहिलो आणि थोड्या वेळात सगळं दिसलं. भागुजी आपलं काम करता करता, डावीकडे न बघता, भोकं पाडलेलं कवच कोंडिबाच्या ढिगावर सरकवत होता. स्वतःचा नॉर्म भरून वर नानाची उरलेली पात ओढत होता. खात्यातल्या सगळ्यांना ते माहीत होतं. त्याच्याशी न बोलणाऱ्यांनीही त्याबद्दल तोंड उघडलं नव्हतं.

त्या शनिवारी घाटात मी त्याला समजावलं. अगदी हात जोडून समजावलं. "भागुजी, तू नानाचं काम करतोस म्हणून साहेबांना वाटतं नॉर्म बरोबर आहे. तू जितकी मदत करशील तितका तो पक्का होत जाणार. थोडे दिवस थांबव. नाना कमी पडू दे. मग मी साहेबांना दाखवतो, आणि सगळ्यांचाच नॉर्म उतरेल."

"आन् तवर नानाचं काय?"

"तेवढे दिवस कळ काढावी लागेल."

"त्येला काढून टाकल्यावर तुमचा नॉर्म उतरनार. म्हंजी नाना भाईर बसून बघनार, आत बाकीच्यांचं बरं चाललंय." तो सायकल थांबवून उभा राहिला. "माधू, तुझी लांबची नजर हाय. मला श्येजारचा मानूस दिसतोय. मागं राह्यलेल्याची पात धरू नगं म्हनतोस, ते मला कसं जमंल?"

त्याचं बरोबर होतं की माझं, याचा निवाडा मी इतक्या दिवसांत करू शकलेलो नाही. मात्र पुढं जे केलं ते मी एकट्यानं केलं. मी साहेबांकडे जाऊन खरं सांगितलं. मला वाटलं, खरं कळलं की नॉर्म तपासला जाईल. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे नॉर्म चुकीचा नाही. कोंडिबा चुकीच्या जागी आहे." आणि थोडं थांबून, "शिवाय एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर जाणं हा बाकीच्यांवर अन्याय नाही का, जोशी? तुम्हीच म्हणता ना, सगळ्यांना सारखा नियम?" मी म्हणत होतो. मीच तर म्हणत होतो…

कोंडिबाला त्या महिन्यात काढलं. युनियननं पत्र दिलं, पण नियमाला त्यांचीही सही होती. जाताना नाना कुणावर रागावला नाही. शेडकडे बघून एवढंच म्हणाला, "आता रानबी गेलं आन् रानातलं कामबी." पुढं तो रोज फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर येऊन बसायचा. पाळी सुरू व्हायच्या वेळी यायचा आणि सुटायच्या वेळी घरी जायचा. भागुजीला बोलावून समज दिली. आपल्या मशीनवरचा माल दुसरीकडे दिसला तर त्यालाही घरी बसावं लागेल, असं सांगितलं. बाहेर आल्यावर तो माझ्या टेबलापाशी थांबला. मला वाटलं शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "भाऊसायब, नानाला सायेब दुसरं कायतरी काम देतील का? झाडलोटीचं?" मी म्हटलं, विचारतो. विचारलं. जागा नव्हती.

त्या शनिवारी घाटात तो माझ्याशी नेहमीसारखाच बोलला. पाण्याबद्दल, दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणाऱ्या बायकोच्या सुजलेल्या हातांबद्दल. "तिथंबी ढीग मोजून घेत्यात," तो म्हणाला, "पर तिथल्या बाया लई हुशार, भाऊसायब. मोजनारा आला की ढिगाच्या पोटात माती." आणि हसला. मी हसू शकलो नाही. घाटात, फाटकापासून इतक्या लांब, त्यानं मला भाऊसायब म्हटलं होतं. नंतर त्यानं मला कधीच माधू म्हटलं नाही. रागानं नव्हे. राग मी ओळखला असता. त्याच्या लेखी ते फाटक आता घाटापर्यंत आलं होतं, एवढंच.

दहाव्याला गावी गेलो. भागुजीची बायको, सखूवहिनी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी तोंडातून एक वाक्य काढायचा प्रयत्न करत होतो, पाठ करून गेलो होतो. त्यांनीच थांबवलं. "तुमी काय मनाला लावून घिऊ नगा. ते म्हनायचे, भाऊसायबाच्या हातात काय नसतं, घड्याळच असतं." हे तो खरंच बोलला असेल का त्यांनी मला सावरायला सांगितलं, कुणास ठाऊक. मला क्षमा नको होती. कुणीतरी मला एकदा नीट दोषी ठरवावं, असं वाटत होतं. पण गावात, कारखान्यात, कुठंच त्याला कोणी तयार नाही. सगळे नियमानं वागले. मीसुद्धा.

गेल्या पंधरवड्यात खात्यातली माणसं साहेबांकडे गेली. ज्याला मोजलं तो माणूसच आता नाही, तेव्हा पुन्हा मोजा, असं म्हणाली. साहेबांनी लगेच होकार दिला. माणसांनी नामदेवचं नाव दिलं आणि त्याला भागुजीच्या मशीनवर उभं केलं. मी समोर घड्याळ घेऊन उभा राहिलो. नामदेव माझ्या डोळ्यांत बघत, सावकाश, फारच सावकाश काम करत होता. कवच उचलताना घाम पुसायचा, बसवल्यावर पुन्हा काढून बसवायचा. सगळं खातं गंभीर तोंडानं बघत होतं. तो नाटक करतोय हे मला कळत होतं, मला कळतंय हे त्याला कळत होतं. मी न अडखळता लिहिलं, 'नेहमीचा वेग'. हे माझं दुसरं खोटं. या वेळी कुणाच्या भीतीनं लिहिलं नव्हतं. वाटलं, एवढ्यानं तरी…

साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढून हसले. "जोशी, हे तुम्हालाही पटत नाहीये. अहो, ही माणसं घड्याळ दिसलं की सोंग करतात. त्या खात्यात एकच प्रामाणिक माणूस होऊन गेला. त्याचंच मोजमाप राहू द्या." त्यांच्या आवाजात भागुजीबद्दल खरा आदर होता.

मी शेडमध्ये जाऊन नामदेवला सांगितलं, "जुनंच राहिलं." त्यानं मान हलवली. ड्रिल खाली दाबायला त्या मशीनला चक्राच्या तीन दांड्या आहेत. दोन दांड्यांच्या मुठींवर मशीन नवीन आलं तेव्हाचा काळा रंग अजून शाबूत आहे. तिसरी मूठ मात्र भागुजीच्या तळहातानं घासून घासून चकाकते, नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत. मघाशी मोजताना नामदेवनं मुद्दाम काळी मूठ धरली होती. आता त्यानं नवीन कवच लावलं आणि त्याचा हात आपसूक त्या चकाकणाऱ्या मुठीवर गेला. मोजण्यात अर्धी सकाळ गेली होती आणि दिवसाचं काम पुरं करायचं होतं. तो भराभर भोकं पाडू लागला.